सर्जेराव समुद्राला जातात

समुद्रावर जाऊन समुद्राकडे पाठ करून बसलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या चाळीतले सर्जेराव.

आमचे हे आणि सर्जेराव तेव्हा तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कापडाच्या कारखान्यात होते. कारखान्याची सहल निघाली केळव्याला. माणसं, बायका, पातेली, सतरंज्या, सगळं एका टेंपोत कोंबलेलं. टेंपो थांबला तशी मंडळी चपला हातात घेऊन पाण्याकडे धावली. सर्जेराव मात्र डोक्यावरचा टॉवेल कपाळाच्या खाली ओढून मागच्या बाजूनं उतरले, सुरूचं एक जाडसर झाड बघितलं, त्याच्या बुंध्याला पाठ लावली, तोंड गावाकडे केलं आणि चूल मांडली. चाळीस माणसांचा रस्सा एकट्यानं केला. दोघातिघांनी त्यांना उचलून पाण्यात न्यायचं ठरवलं, तर त्यांनी झाडाला मिठी मारली. "सोडा, रस्सा करपंल," एवढंच म्हणत राहिले. दिवस मावळेपर्यंत त्या माणसानं मान वळवली नाही.

येताना टेंपोत मीच त्यांची जास्त टिंगल केली. म्हटलं, समुद्र काय तुमचा सासरा लागतो, तोंड लपवून बसलात ते? सगळे हसले. सर्जेरावही हसले आणि म्हणाले, "प्रेशर नॉर्मल हाय, वैनी." त्यांचं हे ठरलेलं उत्तर. कसं काय, बरं आहे ना, जेवलात का, कशालाही तेच. एकदा अंगात सणसणून ताप होता, डोळे लालबुंद, तेव्हा फक्त "प्रेशर जरा चढलंय" म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

सर्जेराव साताऱ्याकडचे. म्हसवडच्याही पलीकडे कुठलंसं गाव. पावसाळ्यातसुद्धा ढग त्यांच्या गावावरून नुसते जातात, थांबत नाहीत, असं ते सांगायचे. तिथून बोईसरला आले आणि चाळीतल्या शेवटच्या खोलीत राहिले ते राहिलेच. बायको हौसाबाई गावी. म्हातारी सासू, एक म्हैस आणि कोरडवाहू जमिनीचे दोन तुकडे तिच्या गळ्यात, आणि सर्जेरावांच्या गळ्यात कारखान्याचा बॉयलर. मी तेव्हा घरीच सात-आठ जणांचे डबे करायची. सर्जेराव माझे सगळ्यात जुने. पण त्यांना डबा चालायचा नाही, ते पाटावर येऊन बसायचे.

ज्यांनी बॉयलर पाहिला नाही त्यांना सांगते. एवढं मोठं ते धूड, पण त्याच्या अंगावर बोटाएवढी एक काचेची नळी असते. आत पाणी किती आहे ते त्या नळीत दिसतं. पाणी फार उतरलं तर आतलं लोखंड जळतं आणि मग कुणाची धडगत नसते. फार चढलं तर वाफेबरोबर पाणी जातं. म्हणून पाणी काचेत कायम निम्म्यावर ठेवायचं. सर्जेराव आठ-आठ तास त्या काचेसमोर बसायचे, पाणी जरा उतरलं की पंप चालू करायचे, आणि दर तासाला लॉगशीटच्या रकान्यांत लिहायचे. वेळ, पाणी, प्रेशर, शेरा.

एवढे तास काचेकडे बघणारा माणूस घरी येऊन सुटेल थोडाच. माझ्याकडे जेवायला बसले की पेल्यात पाणी निम्मं लागायचं. काठोकाठ भरला की ते वरचं पाणी मोरीत ओतून यायचे, कमी दिसलं की पेल्यावर दोनदा टिचकी मारून माझ्याकडे बघायचे. मी काडी ओढली की दारातून आवाज यायचाच, "वैनी, आधी पानी बघायचं, मग आग." भातात पाणी घातलंय, आमटीत घातलंय, चहात घातलंय, हे त्यांना सांगितल्याशिवाय मला स्टो पेटवायची सोय नव्हती. चाळीतल्या एका लग्नात तर त्यांनी आचाऱ्याच्या पातेल्यात डोकावून पाण्याबद्दल चार प्रश्न विचारले. आचारी डाव घेऊन अंगावर आला. सर्जेराव मागे सरले, पण जाता जाता त्यांनी चुलीतलं एक लाकूड बाहेर ओढलंच.

हे सगळं मी समजू शकत होते. समुद्राचं मात्र कळत नव्हतं. बोईसरपासून समुद्र जेमतेम दहा किलोमीटर. माझं माहेर चिंचणी, त्यामुळे मला समुद्राचं कौतुक नाही. घराच्या मागे आड असावा तसा तो आमच्या मागे होता. पण घाटावरून आलेली माणसं पहिल्या रविवारी धावत जाऊन पाय भिजवून येतात. सर्जेराव अकरा वर्षांत आपणहून एकदाही गेले नव्हते. बरं, नुसते गेले नाहीत असं नाही. कुणी समुद्राची गोष्ट काढली की कानात बोटं घालायचे. एका वर्षी बॉयलरजवळच्या भिंतीवर आलेल्या कॅलेंडरवर लाटांचं चित्र होतं, त्यावर त्यांनी खळ लावून गावाकडच्या देवाचा, सिद्धनाथाचा फोटो चिकटवला. तारीख तेवढी खाली दिसत होती. माणूस पाण्याला भितो, असा चाळीचा निकाल लागला, आणि त्या निकालावर सही माझीच पहिली.

आणि हेच सर्जेराव एका संध्याकाळी दारात उभं राहून विचारतात काय, की वैनी, चिंचणीच्या समुद्राला जायचं तर कसं जायचं?

मी पोळी तव्यावर विसरले.

हौसाबाई येणार होती. सर्जेरावांची थोरली बहीण सासूजवळ राहायला तयार झाली होती, म्हशीची धार काढायला शेजारीण तयार झाली होती. कारखान्यात बॉयलर वर्षातून एकदा थंड करून उघडतात, त्याची तपासणी उरकली की सर्जेरावांना रजा मिळायची, ती नेमकी त्याच आठवड्यात येत होती. हौसाबाई चार दिवसांसाठी घर सोडणार. त्यातला एक येण्याचा, एक परत जाण्याचा. मधल्या दोनांतला एक दिवस नवऱ्याची खोली झाडण्यात जाणार हे तिनं आधीच पत्रात कळवलं होतं. राहिला एक दिवस. त्या एका दिवसात तिला समुद्र दाखवायचा.

सर्जेरावांनी खिशातून घड्या घातलेले कागद काढले. कोऱ्या लॉगशीट, त्यावर बारीक अक्षरात बेत लिहिलेला. एक नव्हे, पाच. दरवर्षीचा एक. एका वर्षी म्हैस व्याली, एका वर्षी सासू पडली, एका वर्षी पाऊस झाला नाही म्हणून हौसाबाईला हलता आलं नाही, आणि एका वर्षी झाला म्हणून. तरी दरवर्षी नवा कागद. त्यांच्या खोलीत इतक्या वर्षांत कुणी पाहुणा आलेला मी पाहिला नव्हता, आणि हा माणूस बायकोच्या एका दिवसासाठी असे कागद जपून ठेवत होता. मला जरा चुकल्यासारखं झालं. पण माझी जीभ काय राहते? मी म्हटलं, तुम्ही तिला समुद्र दाखवणार आणि स्वतः सुरूला मिठी मारून बसणार ना?

"ह्या टायमाला बगनार," सर्जेराव म्हणाले. "फक्त पान्याचा टाइम सांगा."

भरती-ओहोटी त्यांना कुठूनशी कळली होती. समुद्राचं पाणी चढतं आणि उतरतं, एवढं ऐकल्यापासून त्यांची झोप उडाली होती. मी त्यांना माझ्या वडिलांकडे नेणार होते, पण चिंचणीला गेलं तर समुद्र दिसेल म्हणून ते येईनात. शेवटी बाबा एकदा बोईसरच्या बाजाराला आले होते तेव्हा त्यांना चाळीत बसवलं. बाबांनी तंबाखू मळता मळता सांगितलं, "त्यात काय हाय? तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येल तवा भरती. त्याच्यापुडं सा तासांनी सुकती, म्हंजे पानी लांब जाते. आमी तर बोटांवर मोजतो, कागद नाय लागत."

सर्जेरावांना कागद लागत होता. त्यांनी पंधरा तिथींचे पंधरा आकडे मांडले. मग विचारलं, भरतीला पाणी कुठवर येतं? बाबा म्हणाले, मोठ्या भरतीला सुरूच्या मुळांपर्यंत. सर्जेरावांचा चेहरा उतरला. म्हणजे जास्त झालं. आणि सुकतीला? बाबांनी हात लांब करून दाखवला. म्हणजे कमी झालं. मान हलवून त्यांनी पेन्सिलीनं एक रेघ मारली.

"निम्म्यावर पायजे," ते म्हणाले.

बाबा माझ्याकडे बघायला लागले. मी त्यांना खुणेनं गप्प केलं.

हौसाबाईचा मोकळा दिवस दशमीचा येत होता. दशमीची पाऊणपट साडेसात. साडेसातला भरती, दीडला ओहोटी, तर मधोमध साडेदहा. साडेदहाला समुद्र निम्मा. ठरलं. आता इथं मी बोलायला हवं होतं. समुद्र निम्म्यावर येतो, पण तिथं थांबत नाही, हे काय कुणाला सांगावं लागतं? मला वाटलं, एवढं त्यांना कळत असेल. आणि त्यांना वाटलं, पाणी निम्म्यावर आलं की ते तिथं धरून ठेवायला कुणीतरी असेलच. त्यांच्या हातांना अकरा वर्षं तीच सवय होती.

मग रंगीत तालीम झाली. पण तालमीला सर्जेराव स्वतः जाईनात. आमच्या ह्यांना एका रविवारी त्यांनी आपलं घड्याळ बांधून एसटीत बसवलं आणि सांगितलं, चाळीपासून पहिलं पाणी दिसेपर्यंत किती मिनिटं लागतात तेवढं मोजून या. हे आले ते खुशीत. वारा काय सुटला होता म्हणून सांगायला लागले, तर सर्जेरावांची बोटं कानांत. मिनिटं ऐकायला तेवढी बाहेर आली.

बेताचा कागद त्यांनी मला वाचायला दिला होता. सकाळी सहा, पाणी आंघोळीचं, शेरा: हौसानं घाई करू नये. सव्वासात, पाणी प्यायचं, शेरा: भाकरी, ठेचा, कांदा, वैनींची केळी. साडेआठ, एसटी स्टँड. असं करत करत साडेदहाला आलं. पाण्याच्या रकान्यात "निम्मं". प्रेशरचा रकाना रिकामा. आणि शेऱ्यात लिहिलं होतं, "कोणी काही बोलू नये." माझ्यासारखीला हे जमणार कसं, एवढीच काळजी लागली.

हौसाबाई आली. लहानखुरी, उन्हानं रापलेली, हसली की सगळा चेहरा हसायचा. एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात फडकं बांधलेली पितळी कळशी. त्या कळशीत काय, तर गावचं पाणी. एवढ्या लांबच्या वाटेवर पाणी मिळेल न मिळेल म्हणून बाईनं दोन एसट्या आणि एक आगगाडी एवढा प्रवास मांडीवर कळशी धरून केला होता. चाळीच्या नळाला संध्याकाळी पाणी आलं तेव्हा ती नळाजवळ नुसती उभी राहिली. कुणाची बादली वाहायला लागली की धावत जाऊन नळ बंद करायची.

दशमी उजाडली. ह्यांची सकाळपाळी, म्हणून निघालो आम्ही तिघंच. सर्जेरावांनी इस्त्रीचा पांढरा टेरिलिनचा शर्ट घातला होता आणि खिशात बेताचा कागद. हौसाबाईनं कळशी बरोबर घेतली. मी म्हटलं, अगं, ती कशाला? तर म्हणाली, पाण्यावर जायचं आणि रिकाम्या हातानं कसं जायचं?

साडेआठला स्टँडवर पोचलो. एसटी लागलेली. सर्जेरावांनी एक पाय पायरीवर ठेवला आणि तो तसाच राहिला.

"हौसा," ते म्हणाले, "बंबात पानी हुतं का?"

हौसाबाईच्या आंघोळीला त्यांनी पहाटे तांब्याचा बंब पेटवला होता. आत निखारे राहिले असतील, आणि पाणी? हौसाबाईला आठवेना. मी म्हटलं, असेल हो, बसा. पण मी कुणाला सांगत होते? बंब म्हणजे छोटा बॉयलरच की. आत आग आणि पाण्याचा पत्ता नाही, हे ठेवून हा माणूस समुद्राला जाणार होता होय? ते टॉवेल सावरत चाळीकडे धावत सुटले. बंब थंडगार होता. हौसाबाईनं निघताना सवयीनं उरलंसुरलं पाणी निखाऱ्यांवर शिंपडलेलं तिला नंतर आठवलं. सर्जेराव घामाघूम होऊन परत आले तोवर एसटी गेली होती. त्याच्या पुढची आलीच नाही. त्याच्या पुढची आली ती बारा वाजता.

सर्जेराव घड्याळ बघत होते आणि कागद बघत होते. मी मनात ओहोटीचा हिशेब करत होते. पण चेहऱ्यानं मी हसत राहिले.

चिंचणीला उतरलो. इथून पुढचा बेत असा होता की सुरू संपेपर्यंत दोघांनी समुद्र बघायचा नाही. हौसाबाईनं पदर डोळ्यांवरून खाली घेतला. सर्जेरावांनी मान खाली घालून माझ्या टाचांवर नजर लावली. पुढे मी, माझ्या टाचांकडे बघत सर्जेराव, त्यांच्या शर्टाचं टोक धरून पदर घेतलेली हौसाबाई आणि तिच्या कडेवर कळशी. माझं माहेरचं गाव, ओळखीची माणसं ओट्यांवर बसलेली. एकीनं विचारलंच, गो, कोण पावनं हायत? मी म्हटलं, डोळे आलेत त्यांचे.

सुरू संपले. मी थांबले. सर्जेरावांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "हौसा, बग."

समोर समुद्र नव्हता. ओली चकचकीत वाळू होती, वाळूवर बारीक वळ्या होत्या, दोन होड्या कलंडून पडल्या होत्या, आणि त्या सगळ्याच्या पार पलीकडे, नीट डोळे बारीक केले तर, एक पांढरी रेघ होती.

सर्जेराव बघत राहिले. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. रिकामी काच बघितल्यावर त्यांचा असाच चेहरा होत असेल.

"वैनी," ते म्हणाले, "पानी कुटाय?"

मी सांगितलं. निम्म्यावर येतं पण थांबत नाही, उतरतच जातं. आपल्याला उशीर झाला. संध्याकाळी परत येईल, आपण बाबांकडे थांबू. सर्जेराव मान हलवत होते, पण ऐकत नव्हते. त्यांनी खिशातून कागद काढला, उघडला, परत घडी घातली. "पाच वर्सं लिवतोय," ते म्हणाले. "येवढं एक बगितलं न्हाय." एवढा मोठा माणूस, टॉवेलाच्या टोकानं डोळे पुसायला लागला. मला स्वतःचा राग आला. समुद्राकाठी जन्मलेली मी, दोन वाक्यांत सांगायची गोष्ट होती.

तोवर हौसाबाईनं पदर वर केला होता. कपाळावर हात धरून तिनं त्या रेघेकडे बघितलं.

"ते पांढरं दिसतंय ते पानी व्हय?"

मी म्हटलं, होय.

"मंग लांब हाय म्हून रडताय व्हय?" ती नवऱ्याला म्हणाली. "मला काय नवं हाय का पान्याला चालायचं?"

आणि तिनं साडी घोट्याच्या वर खोचली, कळशी कडेवर नीट बसवली आणि चालायला लागली. ती चाल मी बघत राहिले. जराही घाई नाही, जराही रेंगाळणं नाही. रोज जाणारी बाई जाते तशी ती त्या मोकळ्या वाळूवरून चालली होती, आणि तिची टाच जिथं पडत होती तिथं पाणी वर येत होतं. ते बघून ती हसत होती.

आम्ही दोघं मागून. अर्ध्यावर मी विचारलं. टिंगल म्हणून नाही, खरंच विचारलं, की सर्जेराव, इतकी वर्षं का नाही बघितलात?

ते समोर बोट दाखवून म्हणाले, "ती रोज अशी जाती, वैनी. आडीच मैल. येका कळशीला. अंगात ताप हुता तवाबी गेली. आमच्यात गडीमानूस कळशी उचलत न्हाय, लोक हसत्यात. मी वट्यावर बसून बगायचो. पार त्या बाभळीपतोर दिसायची, मंग दिसायची न्हाय." मग म्हणाले, "हितं आलो. समद्यांनी सांगितलं, लई पानी हाय, डोळं फिरत्यात. म्हनलं, तिनं कळशी-कळशी करायचं आन् मी फुकट येवढं पानी बगायचं? मला काय ते बरं वाटंना."

अकरा वर्षं मी ह्या माणसाला भित्रा म्हणत आले होते. टेंपोतलं ते सासऱ्याचं बोलणं आठवलं आणि जीभ चावावीशी वाटली. मी फक्त माझी चाल धीमी केली आणि त्यांना पुढे जाऊ दिलं.

मी पाण्याशी पोचले तेव्हा ते दोघं शेजारी उभे होते. सर्जेरावांनी मान वर करून बघितलं. डावीकडून उजवीकडे, परत उजवीकडून डावीकडे. शेऱ्यात लिहिलं होतं तसं कुणी काही बोललं नाही. मीसुद्धा नाही. मग एक लाट आली, हौसाबाईच्या गुडघ्यांवर फुटली, आणि ती बाई अशी खदखदून हसली की लांब जाळं आवरणाऱ्या कोळणी वळून बघायला लागल्या. तिनं ओंजळ भरून तोंडात घेतली आणि थुंकली.

"खारट!" म्हणाली. मग परत हसली. "बरंच झालं. ग्वाड असतं तर आमच्या गावच्या बाया हितनं हालल्या नसत्या."

सर्जेरावांनी टेरिलिनच्या शर्टासकट लाटेत बसकण मारली होती. पाणी त्यांच्या छातीपर्यंत यायचं, परत कमरेखाली जायचं, परत छातीपर्यंत. "बग, हौसा," ते पाण्याकडे बोट दाखवत म्हणत होते, "पंप न्हाय, काय न्हाय. आपलं आपनच." त्यांच्या तोंडावर जे हसू होतं ते मी आमच्या चाळीत कधी पाहिलं नव्हतं. मीही साडी खोचली आणि पाण्यात शिरले. माहेरच्या समुद्रात मी कित्येक वर्षांत पाय घातला नव्हता. तिघंही चिंब झालो. भाकरी आणि केळी पिशवीत तशीच राहिली.

निघायची वेळ झाली तेव्हा हौसाबाईनं कळशी बुडवली, भरली. सासूला दाखवायला हवी होती. सर्जेरावांनी सांगितलं, मी सांगितलं, हे पाणी काही कामाचं नाही. ती ऐकेना. तिनं पदराची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली आणि कळशी उचलायला वाकली.

सर्जेरावांनी कळशी उचलली. आपल्या खांद्यावर ठेवली.

"आवं," हौसाबाई म्हणाली, "लोकं बगत्यात."

लोक बघत होतेच. कोळणी तर उघड हसत होत्या. एकीनं हाक मारून विचारलं, "दादा, खारं पानी घरा नेऊन काय करतं?" सर्जेराव थांबले नाहीत. कळशी नेण्याची त्यांना अजिबात सवय नव्हती. पावलागणिक पाणी हिंदकळत होतं, मानेवरून शर्टात उतरत होतं, आणि निम्मी कळशी तर पहिल्या शंभर पावलांतच सांडली असेल. आता भरती लागली होती. आमच्या मागून पाणी हळूहळू येत होतं आणि आमच्या पावलांच्या खुणा भरून काढत होतं.

हौसाबाई पुढे चालत होती. पाण्यावरून परत येताना तिचे हात कधी रिकामे नसावेत. त्या हातांचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. आधी तिनं ते पदरात गुंडाळले, मग पाठीमागे बांधले, मग एक हात सवयीनं डोक्याकडे गेला, आणि तिथं काही नाही म्हणून परत खाली आला. सुरू जवळ येईपर्यंत ते हात नुसते मोकळे सुटले होते आणि चालताना पुढेमागे होत होते. ती एकदा थांबली, मागे वळली.

"द्या की आता. खांदा दुखंल."

"असू दे," सर्जेराव म्हणाले. "तू चाल."